सिलॅबस बनवायचा आणि वेबसाइटवर टाकायचा : ठाणे-नवी मुंबईतल्या कॉलेजवाल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न स्टाफरूममधले आहेत, डिपार्टमेंटच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचे आहेत आणि काही तर जूनमध्ये ॲडमिशन काउंटरवर घामाघूम होऊन उभ्या असलेल्या पालकांचे आहेत. मी ठाण्यात शिकवतो. वेबसाइटचं काम माझ्याकडे आलं कारण ज्या मीटिंगला ते वाटलं गेलं त्या मीटिंगला मी उशिरा पोचलो, बाकी काही क्वालिफिकेशन नाही. त्यामुळे उत्तरं कमिटीच्या भाषेत नाहीयेत, चालवून घ्या.

प्र. आधी एक सांगा सर, सिलॅबस म्हणजे नक्की काय टाकायचंय?

इथेच अर्धा गोंधळ आहे. आपल्याकडे सिलॅबस या एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी कोंबलेल्या असतात. एक म्हणजे मंजूर झालेला अभ्यासक्रम, म्हणजे अभ्यास मंडळाने बनवलेला आणि विद्या परिषदेने पास केलेला, वर आयटम नंबर आणि तारीख असलेला. दुसरं म्हणजे टीचिंग प्लॅन, म्हणजे कुठल्या आठवड्यात कुठलं युनिट घेणार, टेस्ट कधी, असाइनमेंट काय, हे शिकवणाऱ्याने स्वतः लिहिलेलं. आणि तिसरं म्हणजे पोरांच्या भाषेतला सिलॅबस, म्हणजे "सर, पेपरला काय येणार". तिसरं टाकता येत नाही, पहिली दोन टाकायची आहेत, आणि वेगवेगळी टाकायची आहेत, एकाच पीडीएफमध्ये शिवून नाही.

अमेरिकेत सिलॅबस म्हणतात तो बराचसा आपला टीचिंग प्लॅन असतो, प्रत्येक प्राध्यापक आपापला बनवतो. आपल्याकडे मुंबई युनिव्हर्सिटीचा एक पेपर मुलुंडला, ठाण्याला, वाशीला आणि थेट सिंधुदुर्गातल्या कॉलेजातही तोच असतो. म्हणून तिकडचे टेम्प्लेट डाउनलोड करून आपलं नाव घालून चिकटवू नका, त्यात "माझी ग्रेडिंग पॉलिसी" वगैरे रकाने असतात आणि ती पॉलिसी ठरवणं आपल्या हातात नसतं.

प्र. आमचं कॉलेज ॲफिलिएटेड आहे. सिलॅबस युनिव्हर्सिटी बनवते. मग आम्ही काय टाकायचं?

युनिव्हर्सिटीचा मंजूर सिलॅबस जसा आहे तसा, एक अक्षर न बदलता. त्याच्या सोबत तुमचा टीचिंग प्लॅन. आणि तुमच्या कॉलेजात कुठले मायनर (मुख्य विषयासोबतचा दुसरा विषय) आणि कुठले ओपन इलेक्टिव्ह (दुसऱ्या फॅकल्टीतला निवडीचा पेपर) खरोखर चालतात त्याची यादी, ही सगळ्यात महत्त्वाची आणि हीच कोणी टाकत नाही. युनिव्हर्सिटीच्या बास्केटमध्ये, म्हणजे निवडीच्या यादीत, ढीगभर पेपर असतात, तुमच्याकडे शिकवायला माणसं असतात चार पेपरांची. पोरगी बास्केट बघून येते आणि काउंटरवर कळतं की इथे हा पेपर नाहीच. तिची काय चूक?

नुसती युनिव्हर्सिटीची लिंक दिली तर चालेल का असंही विचारतात. लिंक द्या, पण फाइल आपल्याकडेही ठेवा, कारण साइटची रचना बदलली की लिंक मरतात आणि ऐन नॅकच्या (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) तपासणीच्या आठवड्यात "पेज सापडत नाही" दिसतं.

याशिवाय कॉलेज स्वतः जे सर्टिफिकेट किंवा व्हॅल्यू ॲडेड कोर्स चालवतं त्यांचा सिलॅबस तुम्हीच बनवायचा असतो. किमान तीस तासांचा धरून चला.

प्र. आणि ऑटोनॉमसवाल्यांचं काय?

ऑटोनॉमस म्हणजे ज्यांना आपला सिलॅबस स्वतः बनवायची मुभा आहे ती कॉलेजं. त्यांचं काम जास्त, मजाही जास्त. डिपार्टमेंट ड्राफ्ट करतं, तो स्वतःच्या बीओएसपुढे, म्हणजे अभ्यास मंडळापुढे जातो, मग कॉलेजच्या ॲकॅडमिक कौन्सिलपुढे, म्हणजे विद्या परिषदेपुढे. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नियमात बीओएसवर कोण हवं ते दिलंय: एचओडी अध्यक्ष, डिपार्टमेंटचे शिक्षक, बाहेरचे दोन तज्ज्ञ, कुलगुरूंनी नेमलेला एक, इंडस्ट्रीतला एक आणि एक माजी विद्यार्थी.

इंडस्ट्रीतल्या माणसाला शेवटच्या दहा मिनिटांत चहासोबत "काही सजेशन?" असं विचारू नका. आमच्याकडे एकदा ऐरोलीच्या आयटी पार्कमधल्या एका बाईंना बोलावलं होतं, त्यांनी चौथ्या युनिटवर बोट ठेवून म्हटलं की हे सॉफ्टवेअर आता कोणी वापरत नाही, आणि आम्ही ते युनिट मागच्या सहा वर्षांपासून इमानदारीत शिकवत होतो. ड्राफ्ट त्यांना आठवडाभर आधी पाठवला असता तर बैठकीत शरमेने खाली बघायची वेळ आली नसती.

वेबसाइटवर मात्र ॲकॅडमिक कौन्सिलने पास केल्यानंतरच टाका. बीओएस झाली की उत्साहात लगेच अपलोड करतात, मग कौन्सिल दोन पेपर बदलते, आणि बाहेर झेरॉक्सवाल्याकडे आधीची फाइल पोचलेली असते. झेरॉक्सवाल्याकडून फाइल परत घेता येत नाही, प्रयत्न करून झालाय.

प्र. "नवीन नियम" म्हणजे नेमके कुठले? प्रत्येक जण वेगळा जीआर दाखवतो.

सगळे बरोबरच असतात, कारण जीआर एकावर एक आलेत. थोडक्यात क्रम असा. एनईपी, म्हणजे नवं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २९ जुलै २०२० ला केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केली. डिसेंबर २०२२ मध्ये यूजीसीने पदवीचा नवा करिक्युलम आणि क्रेडिट फ्रेमवर्क काढला. महाराष्ट्राने २० एप्रिल २०२३ ला त्यावरचा जीआर काढला, आणि १३ मार्च २०२४ च्या जीआरने क्रेडिटची रचना सुधारली. ऑटोनॉमस कॉलेजं २०२३-२४ पासून आत गेली, ॲफिलिएटेड कॉलेजांचं पदवीचं पहिलं वर्ष २०२४-२५ ला. म्हणजे एफवाय २०२४-२५, एसवाय २०२५-२६, टीवाय २०२६-२७, अशी दरवर्षी एक पायरी, आणि प्रत्येक पायरीला नवा सिलॅबस.

टाकायचं कशासाठी, त्याची कारणं वेगळी. माहिती अधिकार कायदा २००५ चं कलम ४ म्हणतं की कोणी मागायच्या आधीच माहिती स्वतःहून जाहीर करा. यूजीसीने २०२४ मध्ये सार्वजनिक स्वयं-प्रकटनाच्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात अभ्यासक्रमांचा तपशील, शैक्षणिक वेळापत्रक, फी, प्रवेशाची माहिती हे सगळं वेबसाइटवर हवं आणि अपडेटेड हवं असं आहे. आणि नॅकच्या दुसऱ्या निकषात तर सरळ विचारतात की प्रोग्राम आउटकम आणि कोर्स आउटकम, म्हणजे पदवी किंवा पेपर शिकून पोरांना काय जमायला हवं ते, वेबसाइटवर दिसतात का. बहुतेक कॉलेजं या शेवटच्यासाठी जागी होतात, खोटं कशाला बोला.

प्र. क्रेडिट आणि तासांचं गणित दरवेळी चुकतं. एकदाच नीट सांगा.

थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे १५ तास. प्रॅक्टिकलचं एक क्रेडिट म्हणजे ३० तास. म्हणजे दोन क्रेडिटचा थिअरी पेपर ३० तासांचा, दोन क्रेडिटचं प्रॅक्टिकल ६० तासांचं. एका सेमिस्टरला २० ते २२ क्रेडिट. पहिल्या वर्षानंतर सर्टिफिकेट घेऊन बाहेर पडायचं तर किमान ४०, दुसऱ्यानंतर डिप्लोमा ८०, तीन वर्षांची पदवी १२०, चार वर्षांची ऑनर्स १६०.

आता चूक कुठे होते बघा. जुन्या चार युनिटच्या पेपरला प्रत्येक युनिटला १५ लेक्चर होती, एकूण ६०. नवा पेपर दोन क्रेडिटचा आहे. मग आपण काय करतो, चारही युनिटं ठेवतो आणि प्रत्येकासमोर १५ खोडून साडेसात लिहितो. कागदावर ३० तास बरोबर बसले, पण मजकूर तेवढाच राहिला, म्हणजे पावशेरच्या डब्यात अर्धा किलो लाडू. पोरांना कळतं, शिकवणाऱ्याला तर पहिल्याच महिन्यात कळतं. दोन युनिटं काढा. काढताना जीव जातो हे मान्य, कारण प्रत्येक युनिटवर कोणाची तरी पीएचडी असते.

मार्कही बघून घ्या. दोन क्रेडिट म्हणजे ५० मार्क, चार क्रेडिट म्हणजे १००. एका पानावर ५० आणि पुढच्या पानावरच्या पेपर पॅटर्नमध्ये ७५, असा सिलॅबस मी स्वतः अपलोड केलाय, कारण पॅटर्नचं पान जुन्या फाइलमधून आलं होतं. तीन आठवडे कोणाच्या लक्षात आलं नाही, मग एका पोराने मेल केला, विषय होता "डाउट".

प्र. मेजर, मायनर, ओई, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस... कुठला पेपर कशात?

ते मंजूर स्ट्रक्चरमध्ये ठरलेलंच असतं, तुम्ही ठरवू नका. फक्त एवढं करा की सिलॅबसच्या पहिल्या पानावर हे डबे पूर्ण शब्दांत एकदा लिहा. व्हीएससी म्हणजे मेजरशी जोडलेलं व्यावसायिक कौशल्य, एसईसी म्हणजे कौशल्यवर्धन, एईसी म्हणजे भाषा, व्हीईसी म्हणजे मूल्यशिक्षणाचे पेपर, आयकेएस म्हणजे भारतीय ज्ञान प्रणाली. मेजर म्हणजे मुख्य विषय. आणि ओई, म्हणजे ओपन इलेक्टिव्ह, आपल्या फॅकल्टीच्या बाहेरचा घ्यायचा असतो, कॉमर्सच्या मुलाने कॉमर्सचा नाही. नोटिस बोर्डसमोर उभ्या राहिलेल्या बापाला "तुमच्या मुलाचा व्हीएससी राहिलाय" म्हटलं तर त्याला आजार वाटतो.

प्र. कोर्स आउटकम लिहायलाच हवेत का? सगळे तेच तेच लिहितात.

हवेत, आणि हो, सगळे तेच तेच लिहितात. "विद्यार्थ्याला विषयाची समज येईल." ही समज तपासणार कशी? ब्लूमची उतरंड १९५६ ची आहे, २००१ मध्ये सुधारली, आणि तिचा उपयोग एवढाच की क्रियापद असं निवडा ज्याची परीक्षा घेता येईल. "जीएसटी समजेल" असं नको, "दिलेल्या बिलावरून जीएसटी काढून दाखवेल" असं लिहा. "ठाणे जिल्ह्याचा भूगोल जाणून घेईल" यापेक्षा "नकाशावर उल्हास नदीचं खोरं आणि ठाण्याची खाडी दाखवेल आणि खाडीकाठी वस्ती का वाढली ते सांगेल".

चार-पाच पुरेत. मॅपिंगच्या तक्त्यात, म्हणजे कुठला कोर्स आउटकम कुठल्या प्रोग्राम आउटकमशी किती जोडलाय ते आकड्यात दाखवतात तिथे, सगळीकडे ३ भरू नका, नॅकची टीम वेडी नसते. ज्याचा खरंच संबंध नाही तिथे रकाना रिकामा सोडा.

प्र. दुसऱ्या कॉलेजचा सिलॅबस घेऊन थोडा बदलला तर चालेल का?

बघायला काहीच हरकत नाही, चांगला असेल तर बघायलाच हवा, त्यासाठीच तर सगळे पब्लिक करतायत. पण उचलायचा असेल तर निदान त्यांच्या कॉलेजचं नाव फुटरमधून काढा. हसू नका, असा एक सिलॅबस बीओएसच्या टेबलावर आलाय.

प्र. पुस्तकांची यादी किती लांब असावी?

लायब्ररीत आहेत तेवढी, अधिक दोन-तीन. पेनाने टिक करत लायब्ररीत जा आणि लायब्ररियन मॅडमसोबत एकदा बसा. चाळीस पुस्तकांची यादी असते, त्यातली अठरा आउट ऑफ प्रिंट, सात लायब्ररीत आहेत पण एकच कॉपी आणि ती कोणीतरी २०१४ मध्ये नेलेली. "वाचायलाच हवं" आणि "जमलं तर वाचा" असे दोन भाग करा. पोरांकडे पैसे एकाच पुस्तकाचे असतात, त्यांना तुमच्या मते कुठलं ते सांगा ना.

मराठी पुस्तकांची नावं मराठीतच लिहा. रोमन लिपीत लिहिलेलं मराठी पुस्तकाचं नाव वाचायला कोडं असतं आणि सर्चमध्ये तर सापडतच नाही. लेखक, नाव, प्रकाशक, आवृत्ती, साल, एवढं पुरे. आणि कॉमर्स-सायन्सच्या यादीतही एखादं बरं मराठी पुस्तक घालायला कोणी अडवत नाही. भिवंडी, मुरबाड, शहापूरकडून येणारी बरीच मुलं बारावीपर्यंत मराठीत शिकलेली असतात, पहिले दोन महिने तेच पुस्तक त्यांना तारतं.

प्र. मराठी विभागाची पीडीएफ टाकली पण सर्चमध्ये काहीच सापडत नाही. वेबसाइट खराब आहे का?

वेबसाइट ठीक आहे, फॉन्ट जुना आहे. हे जरा सविस्तर सांगतो कारण यावर मी तीन रविवार घालवलेत.

आपल्याकडे डीटीपीची जुनी सवय श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी असल्या फॉन्टची. त्यात स्क्रीनवर "कविता" दिसतं, पण कॉम्प्युटरच्या पोटात ती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात, फक्त वर मराठी मुखवटा. कॉपी करून मेलमध्ये पेस्ट करून बघा, किडामुंगी दिसेल. म्हणून सर्चला काही सापडत नाही, गूगललाही नाही. आणि ज्या मुलांना दिसत नाही, जी एनव्हीडीए सारखं स्क्रीन रीडर वापरतात, त्यांना ते सॉफ्टवेअर तीच किडामुंगी वाचून दाखवतं. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे, माहिती सगळ्यांना वापरता येईल अशी द्यायची हे त्यात आहे, पण कायदा बाजूला ठेवा, आपल्याच वर्गातल्या मुलीला आपलाच सिलॅबस वाचता येत नाही ही गोष्ट मला तरी झोंबली.

उपाय म्हणजे युनिकोड. मंगल, कोकिळा, निर्मला, काहीही घ्या, पण युनिकोड. जुनी फाइल कन्व्हर्टरमधून काढता येते, पण नंतर डोळ्यांनी वाचावीच लागते, जोडाक्षरं आणि रफार हमखास घसरतात. आमच्या एका फाइलमधे "वर्ग" या शब्दाचा रफार जिथे जिथे होता तिथे तिथे पळून गेला होता, दोन तास तेच.

दुसरा प्रकार म्हणजे स्कॅन. प्रिंट काढली, प्राचार्यांची सही घेतली, शिक्का मारला, स्कॅन केलं, अपलोड केलं. चाळीस पानांचा फोटो अल्बम तयार. साइज ४० एमबी. आता कल्पना करा, दिव्याची मुलगी लोकलमध्ये ही फाइल उघडतेय आणि मध्येच नेटवर्क गेलं. सहीचं पान हवंच असेल तर ते एकच पान स्कॅन करून वेगळं लावा, बाकी सगळं वर्डमधून थेट पीडीएफ करा. एक-दोन एमबीत काम होतं.

प्र. फाइलचं नाव काय ठेवू?

फायनल, फायनल नवीन, फायनल नवीन दुरुस्त आणि फायनल करेक्टेड मॅडम, ही चारही नावं आमच्या सर्व्हरवर आहेत.

विषय, वर्ग, सेमिस्टर, कुठल्या वर्षापासून लागू, एवढं नावात यायला हवं. आणि हे चारही पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात हवं, सोबत मंजुरीची तारीख आणि आयटम नंबर. तो नंबर कोणी वाचत नाही असं वाटतं, पण एखाद्याने "हा सिलॅबस खराच मंजूर आहे का" विचारलं तर दाखवायला तेवढाच असतो.

प्र. होम पेजवर कुठे टाकायचा? आमच्याकडे आठ मेन्यू आहेत.

याला एक सोपी कसोटी आहे आणि ती अमेरिकेतल्या टेक्सासची आहे. तिथे २००९ मध्ये विधिमंडळाने कायदा केला की सरकारी कॉलेजांनी पदवीच्या प्रत्येक कोर्सचा सिलॅबस इंटरनेटवर टाकायचा, होम पेजपासून तीन क्लिकच्या आत सापडला पाहिजे, शब्द टाकून शोधता आला पाहिजे, आणि बघायला लॉगिन किंवा पासवर्ड मागायचा नाही. कॉलेज सुरू झाल्यापासून सात दिवसांत टाकायचा आणि दोन वर्षं तिथे ठेवायचा. त्यात मोठ्या असाइनमेंट, परीक्षा, वाचायची पुस्तकं आणि कुठल्या लेक्चरला साधारण काय, हे सगळं हवं. तिकडे यामागचं राजकारण वेगळं आहे, प्राध्यापकांवर नजर ठेवायला हे करतात अशी तक्रारही होते, ते त्यांचं त्यांना. पण तीन क्लिकची गोष्ट मला पटली.

मी ती आपल्या पद्धतीने करून बघितली. ठाण्याला ट्रान्स-हार्बरच्या गाडीत बसलो, फोनवर कॉलेजची साइट उघडली आणि एसवाय बीकॉमचा तिसऱ्या सेमिस्टरचा सिलॅबस शोधायला लागलो. दिघा गाव गेलं, ऐरोली गेलं, रबाळे गेलं. घणसोलीला सापडला, आयक्यूएसीच्या (कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाच्या) खाली, एसएसआरच्या (नॅकला द्यायच्या अहवालाच्या) आत, निकष एकच्या फोल्डरमध्ये. मीच टाकला होता तिथे! नॅकसाठी टाकला होता ना, पोरांसाठी नव्हे.

आता होम पेजवर "सिलॅबस" असं सरळ बटण आहे, मग कोर्स, मग वर्ष. झालं. तुमच्याकडे ही परीक्षा स्वतः देऊ नका, एखाद्या एफवायच्या मुलाला द्यायला लावा, आपल्याला रस्ता पाठ असतो.

प्र. गूगल ड्राइव्हवर ठेवून लिंक ग्रुपवर टाकली तर? किंवा ईआरपीमध्ये, म्हणजे कॉलेजच्या कारभाराच्या सॉफ्टवेअरमध्ये, लॉगिनच्या आत?

दोन्ही सोयीसाठी ठीक, पण ते पब्लिक टाकणं नव्हे. ज्या मुलीने अजून ॲडमिशनच घेतलेली नाही तिला लॉगिन कुठून येणार, आणि सिलॅबस बघून कॉलेज निवडायचा हक्क तर तिचाच आहे. ड्राइव्हचं म्हणाल तर ती ज्या मॅडमच्या अकाउंटवर असते त्या बदलून जातात आणि मग सगळ्यांना "ॲक्सेस मागा" दिसतं. व्हॉट्सॲपवर फाइल पाठवायची तर पाठवा, पण वेबसाइटची लिंक पाठवलीत तर उद्या दुरुस्ती झाली तरी सगळ्यांकडे नवीच उघडेल.

प्र. बीओएसच्या मिनिट्सही टाकायच्या का?

टाका, पण आधी त्यातले मोबाइल नंबर, घरचे पत्ते, सह्यांचे नमुने काढा. बाहेरच्या तज्ज्ञांचा नंबर असलेला कागद तसाच अपलोड झाला आणि त्यांना इन्शुरन्सचे फोन सुरू झाले, त्यांनी आमच्याकडे परत यायचं नाव काढलं नाही. टीचिंग प्लॅनमध्येही कॉलेजचा ईमेल पुरे, पर्सनल नंबर नको. प्रोजेक्ट वाटपाच्या यादीत मुलांची नावं आणि पीआरएन (युनिव्हर्सिटीचा कायमचा नोंदणी नंबर) असतात, ती तर अजिबात नको. वैयक्तिक डेटाचा कायदा २०२३ मध्ये झालाय, पण त्याच्याशिवायही ही साधी माणुसकी आहे.

प्र. सिलॅबससोबत पुस्तकातले चॅप्टर स्कॅन करून टाकले तर मुलांची सोय होईल.

सोय होईल, पण नको. दिल्ली युनिव्हर्सिटीच्या झेरॉक्स दुकानाच्या केसमध्ये दिल्ली हायकोर्टाने २०१६ मध्ये शिक्षणासाठी कोर्स पॅकच्या झेरॉक्सच्या बाजूने निकाल दिला होता, कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मधली सूट धरून. पण वर्गातल्या मुलांना झेरॉक्स देणं वेगळं आणि अख्ख्या जगाला वेबसाइटवर खुलं करणं वेगळं. यादी पब्लिक ठेवा, चॅप्टर वर्गापुरते ठेवा.

प्र. सगळं पब्लिक केलं की कोणीही येऊन बोट दाखवेल, "हे का शिकवता, ते का नाही". त्याचं काय?

दाखवेल. ही भीती खोटी नाहीये, आणि ज्यांना वाटते त्यांना मी भित्रे म्हणणार नाही, यादीतल्या एका पुस्तकाचा फोटो काढून फिरवायला दोन मिनिटं लागतात. पण जो सिलॅबस बीओएस आणि कौन्सिलमधून रीतसर पास झालाय तो एका शिक्षकाचा राहत नाही, संस्थेचा होतो, आणि उत्तर संस्थेने द्यायचं असतं. शिक्षकाला एकटं पुढे ढकलू नका, हे प्राचार्यांना आधीच सांगून ठेवा, लेखी. टीचिंग प्लॅन मात्र तुमच्या नावाने असतो, तिथे युनिट आणि संदर्भ लिहा, वर्गातली प्रत्येक चर्चा लिहायची गरज नाही.

माझा अनुभव असा की बोट दाखवणारे कमी आणि बघणारेच कमी. आमच्या पेजवर सगळ्यात जास्त क्लिक परीक्षेच्या आदल्या रात्री असतात.

प्र. नवीन टाकला की जुना काढून टाकायचा ना?

नाही, नाही, नाही. जुना "मागील अभ्यासक्रम" म्हणून वेगळ्या पानावर ठेवा, वर्षासकट. एटीकेटीवाली मुलं जुन्याच पॅटर्नने पेपर देतात, त्यांना नवा सापडला तर ती चुकीचा अभ्यास करून बसतील. आणि जी मुलं बाहेर शिकायला जातात त्यांना तिथल्या युनिव्हर्सिटीला आपण काय शिकलो ते दाखवावं लागतं, त्यांचे मेल दहा-दहा वर्षांनी येतात. मागे जर्मनीहून एका माजी विद्यार्थ्याचा मेल आला, त्याला २०१२ च्या बॅचचा सिलॅबस हवा होता. वेबसाइटवर नव्हता, ऑफिसमध्ये नव्हता, शेवटी रिटायर झालेल्या सरांच्या नौपाड्याच्या घरी माळ्यावरच्या ट्रंकेत मिळाला, वर चहाचा डाग. तोच स्कॅन करून पाठवला, डागासकट ॲटेस्ट करून.

क्रेडिट बँकेमुळे, म्हणजे मुलांनी मिळवलेली क्रेडिट जिथे जमा राहतात त्या खात्यामुळे, तर हे अजून वाढणार. त्यात जमा क्रेडिट सात वर्षांपर्यंत वापरता येतात, म्हणजे एखादी मुलगी एफवाय करून बाहेर पडली आणि पाच वर्षांनी परत आली तर तिने काय शिकलं होतं ते दाखवायला तेव्हाचा सिलॅबस लागणार. म्हणून कोर्स कोडही मधेच बदलू नका.

प्र. सेमिस्टर सुरू झाल्यावर सिलॅबस बदलला / उशिरा आला तर?

होतं असं. एका वर्षी लेक्चर सुरू झाली तरी एका पेपरचा सिलॅबस हातात नव्हता, आम्ही जुन्यातलं पहिलं युनिट शिकवत बसलो, नव्यात ते नव्हतंच. अशा वेळी पेज रिकामं ठेवू नका, "मंजुरी बाकी आहे, अमुक तारखेला पुन्हा बघा" असं लिहा. बदल झाला तर जुन्या फाइलच्या जागी गुपचूप नवी चढवू नका, वर एक ओळ लिहा की कुठल्या तारखेला कुठलं युनिट बदललं.

प्र. हे सगळं करायचं कोणी? आमच्याकडे तर सीएचबीवाल्या, म्हणजे तासिका तत्त्वावरच्या, मॅडम करतात.

सगळीकडे त्याच करतात. तासावर पैसे घेणाऱ्या माणसाकडून बिनतासांचं काम. निदान त्यांचं नाव समितीच्या यादीत घाला आणि कामाचं पत्र द्या, त्यांना पुढे इंटरव्ह्यूला दाखवता येतं. आणि शेवटचं प्रूफ एचओडींनी स्वतः वाचावं, ते सीएचबीवर ढकलू नये. अपलोडचा पासवर्ड निदान दोघांकडे ठेवा, आमच्याकडे एकाच क्लार्ककडे होता आणि तो गणपतीला कोकणात गेला.

प्र. मी पालक आहे. मुलीचा सिलॅबस बघून मला काय कळणार?

तीन गोष्टी बघा. पहिल्या पानावर तिचंच वर्ष आणि तिचंच सेमिस्टर आहे का. प्रत्येक पेपरला इंटर्नलचे मार्क किती, कारण ते वर्षभर वर्गात बसून मिळतात, शेवटच्या रात्री नाही. आणि तिने घेतलेला मायनर पुढच्या वर्षीही त्या कॉलेजात आहे का. बाकी विषयातलं कळलं नाही तरी चालेल, तिलाच विचारा.

प्र. टाकलेल्या सिलॅबसमध्ये चूक दिसली तर कोणाला सांगू?

सिलॅबसच्या पानावर खाली डिपार्टमेंटचा ईमेल आहे, त्यावर पान नंबर लिहून पाठवा, जमलं तर स्क्रीनशॉट. विषयात "डाउट" लिहिलंत तरी चालेल.